सत्तेचाळीस दूषित नमुने

फ्रीझरमध्ये आमच्या दोनशे बारा बायका होत्या. म्हणजे त्यांचं रक्त होतं, पण सोळा वर्षं रजिस्टर सांभाळलं की माणूस असंच बोलायला लागतं. "एकशे चौदाला जरा वर ठेवा, ती उद्या लागेल," असं मी म्हणायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. नावं कुलपातल्या वहीत, क्रमांक ट्यूबवर, आणि कुलपाची किल्ली माझ्या कमरेला. एक क्रमांक, एक बाई, एक ओळ.

संशोधन मॅडमचं. विषय असा, की माणसाच्या अंगात राखणदार असतात, परक्याला ओळखायचं आणि हाकलायचं हे त्यांचं काम. काही जणांचे राखणदार एके दिवशी घरच्यांवरच उलटतात. कुणाचे सांधे धरतात, कुणाची मूत्रपिंडं. आम्ही कातडीचा प्रकार घेतला होता. आधी बोटं गारव्याने पांढरी पडतात, मग कातडी घट्ट होत जाते, शेवटी चेहरा इतका आवळतो की त्यात हसू मावत नाही. हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त. का, ते मॅडम बावीस वर्षं जनुकांत शोधत होत्या. आजारी बायका एका बाजूला, धडधाकट दुसऱ्या बाजूला, आणि दोघींच्या रक्तात काय फरक आहे ते ओळीओळीने ताडून बघायचं.

त्याआधी प्रत्येक नमुन्याची एक चाचणी व्हायची. त्यात पुरुषाचा अंश आहे का? बाईच्या रक्तात पुरुष दिसला, तर अर्थ उघड होता: कुणातरी गड्याची थुंकी, घाम, कोंडा ट्यूबमध्ये पडलाय. नमुना बाद. त्यासाठी मी हौसेने शिक्का करून घेतला होता, 'दूषित'. शिक्का बसलेल्या ट्यूब लाल पिशवीत जायच्या आणि पिशवी शनिवारी भट्टीत.

दोन वर्षांपूर्वी नवं यंत्र आलं. जुन्याला हजारात एक दिसायचं, याला लाखात एक. त्याच आठवड्यात ते चालवायला नवा तंत्रज्ञ आला, उंच, बोलका आणि छातीपर्यंत दाढी. नाव होतंच त्याला, पण दाढीपुढे ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही; आम्ही त्याला दाढीच म्हणायचो. आणि त्याच महिन्यापासून माझा शिक्का झिजायला लागला. आधी वर्षाकाठी एखाददुसरा दूषित निघायचा, आता दहांत दोन, कधी तीन. प्रयोगशाळेत आम्ही बायका पाच आणि पुरुष एक. हिशेब मांडायला कुणाला कागद लागला नाही.

"तुमची दाढी झडते," मॅडम म्हणाल्या.

"दाढीला मी जाळी लावतो, मॅडम."

"मग जाळी झडत असेल."

तो हसला आणि दुसऱ्या दिवशी दाढी उडवून आला. खालून हनुवटी इतकी लहान निघाली की फाटकावरच्या रखवालदाराने ओळखपत्र मागितलं. "काकू," तो मला म्हणाला, "बायको विचारतेय, लग्न कुणाशी झालं होतं माझं?" पण आकडा हलेना. मग त्याला टोपी आली, दुहेरी ग्लोव्हज आले, एकावर एक दोन मास्क आले. मग बोलायचं नाही असा हुकूम निघाला. त्यावर तो हातवारे करून विनोद सांगायला लागला. शेवटी काचेच्या दाराबाहेर एक बाक टाकला, त्यावर त्याची स्थापना झाली, आणि तिथून तो आतल्या पोरींना खुणांनी यंत्र चालवायला शिकवायचा. तरीही दहांत दोन.

सत्तेचाळिसाव्या शिक्क्यानंतर साहेबांनी, म्हणजे संस्थेच्या संचालकांनी, पत्र टाइप करायला सांगितलं. निष्काळजी हाताळणी, सत्तेचाळीस नमुने वाया, सेवा समाप्त. असं पत्र गळ्यात बांधून निघालेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेने पायरी चढू दिली नसती. सोमवारी सही व्हायची होती. पत्राचं कळलं त्या दिवशी दाढीने विनोद केला नाही.

"काकू, माझे हात तुम्ही बघितलेत," एवढंच म्हणाला.

बघितले होते. ट्यूब उचलताना तो श्वास रोखायचा, झोपलेल्या बाळाच्या गालावरची माशी उडवावी तशी त्याची बोटं जायची. असा हात मी सोळा वर्षांत दुसरा पाहिलेला नाही.

रजिस्टर घेऊन बसले. सत्तेचाळीस ओळी, तारखेवार. त्यातल्या सहा त्याच्या रजेतल्या निघाल्या. भावाच्या लग्नासाठी बारा दिवस गेला होता तेव्हाच्या. वही तशीच उघडी घेऊन मॅडमसमोर ठेवली.

"धूळ उरते हो," मॅडम म्हणाल्या. "माणूस गेला तरी त्याची कातडी खोलीत असते."

मला ते वाक्य आवडलं नाही. "मग एकदा असं करू," मी म्हटलं, "तो इमारतीतच नको, आणि खोलीही नवी."

मॅडम हट्टी होत्या, पण पुराव्याला नाही म्हणणाऱ्या नव्हत्या. क्रमांक एकशे एकोणतीसला पुन्हा बोलावलं. ही पूर्वी शिवणकाम करायची. बोटं आखडली, सुईत दोरा जाईना, तेव्हा मशीन विकून टाकलं. तिचा पहिला नमुना दूषित म्हणून गेलेला. या वेळी न वापरलेली खोली, बंद पाकिटातली सुई, रक्त काढायला नर्स, यंत्रावर मॅडम स्वतः, नोंदीला मी. दाढी फाटकाबाहेर, रखवालदाराच्या नजरेत.

ते यंत्र काय करतं, तर जे शोधायचं ते दुप्पट, पुन्हा दुप्पट करत जातं, चाळीस फेऱ्या. भरपूर असेल तर पडद्यावरची रेघ लवकर वर उठते, चिमूटभर असेल तर उशिरा. काहीच नसेल तर शेवटपर्यंत सपाट.

पस्तिसाव्या फेरीला रेघ उठली.

खोलीत आम्ही दोघी होतो. मॅडमनी वळून दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. दार बंद होतं.

"कोण आहे?" मॅडम अगदी हळू म्हणाल्या. हे त्यांनी दाराला विचारलं की पडद्याला, ते मला कळलं नाही.

तीनदा चाचणी केली. तीनदा पस्तीस. मग मॅडमनी ग्लोव्हज काढले आणि बराच वेळ ते नीट घडी करत बसल्या. ग्लोव्हजची कुणी घडी करत नाही.

"फॉर्मवर हिचं काय लिहिलंय?"

"अपत्ये दोन. मुली."

"आणि गरोदर किती वेळा?"

तो रकाना नव्हता. पूर्वी होता. फॉर्म दोन पानांचा व्हायचा, फाइल फुगायची. पहिल्या वर्षीच मी तो एका पानात बसवला आणि 'अपत्ये' एवढं एकच ठेवलं. मॅडमनी कौतुकाने सही केली होती. मी बायकांना विचारायचे, मुलं किती? काही जणी ताडकन सांगायच्या. काही जणी जरा थांबायच्या, अंगठा बोटाच्या पेरांवरून फिरवायच्या, मग आकडा सांगायच्या. मी आकडा लिहायचे. थांबण्याला रकाना नव्हता.

"पोटातल्या बाळाचे कण आईच्या रक्तात उतरतात," मॅडम म्हणाल्या. "मुलगी असली तर बाईत बाई मिसळते, आपल्याला दिसत नाही. मुलगा असला तर दिसतो."

"किती दिवस राहतात ते?"

"वर्षानुवर्षं. कधी जन्मभर. हे काही मी शोधलेलं नाही, इतरांनी कधीच लिहून ठेवलंय. दर वर्षी शिकवते मी हे." त्यांची नजर माझ्या टेबलावर गेली. "शिकवते, आणि इथे येऊन शिक्का मारते."

शिवणवालीला आत बोलावलं. मुलगी सोबत आली होती, तिला बाहेर बसवलं. मी पेन टेबलावर आडवं ठेवलं.

"मुलं किती?"

"मागे सांगितलं की. दोन मुली."

"आणि?"

ती दाराकडे बघत राहिली. "लिहिणार का?"

"तुम्ही म्हणालात तर."

"एकतीस वर्षं झाली. पाचवा महिना होता. मुलगा आहे असं नर्स म्हणाली. नवऱ्याला मी तेही सांगितलं नाही, म्हटलं, काय होतं ते कळलं नाही." मग एकदम मान वळवून, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

मॅडमनी सांगितलं, साध्या शब्दांत. या आजारात चेहऱ्यावर फारसं काही उमटत नाही, त्यामुळे मी तिच्या हातांकडे बघत होते. सुई टोचलेल्या जागी कापूस होता. तिने बाही खाली ओढून तो झाकला, ऊन लागू नये म्हणून झाकतात तसा.

"म्हणजे आहे तो."

"त्याचे काही कण आहेत."

"तेच म्हणतेय मी." तिने कापसावर तळहात ठेवला. "मग माझे हे राखणदार त्याच्या अंगावर धावतायत का? आणि मधे मी सापडतेय?"

"असेल. किंवा तुमचं जिथे फाटलंय तिथे तो टाका घालत असेल. दोन्ही म्हणणारे लोक आहेत. मला माहीत नाही."

"गोळ्या देता त्या कशासाठी? राखणदारांना झोपवायलाच ना?"

"हो."

"मग चालेल," शिवणवाली म्हणाली.

वर्षभर ती गोळ्या चुकवत होती, माझ्याकडे नोंद आहे. त्या दिवसापासून एकही चुकलेली नाही.

उठता उठता तिने विचारलं, "पहिल्यांदा काढलेलं रक्त कुठे ठेवलंय?"

शनिवारची भट्टी माझ्याकडे होती, तेव्हा मीच बोलले. "ते बाद झालं. जाळतात."

"म्हणजे दुसऱ्यांदा गेला," ती म्हणाली, आणि पर्स उचलून मुलीकडे गेली.

त्यानंतर फ्रीझर उघडायला माझा हात जड व्हायला लागला. दोनशे बारा क्रमांक मला तोंडपाठ, पण आत किती जण आहेत हे मी आता छातीठोक सांगू शकत नव्हते. दार उघडलं की वाफ बाहेर येते, नेहमीच येते. मी उगाच "जरा एक ट्यूब हवीय" असं पुटपुटून आत हात घालायचे.

सोमवारी साहेबांपुढे आम्ही दोघींनी सगळं मांडलं. साहेब मन लावून ऐकतात, त्यामुळे त्यांचं 'नाही' जास्त लागतं.

"ठीक, त्या बाईंचं मान्य," ते म्हणाले. "पण यादीत हा सात नंबर आहे. धडधाकट गटातला. सगळ्यात पहिल्या खेपेचा, म्हणजे जुन्या दोन पानी फॉर्मचा. त्यावर स्वच्छ लिहिलंय, अपत्ये शून्य, गर्भ कधीच नाही. नव्या यंत्रावर तोही दूषित. आता या बाईंच्या रक्तात पुरुष कुठून आला? इथे तुमच्या दाढीवाल्याचीच कृपा. आणि एक नमुना त्याने बिघडवला असेल, तर बाकीचे पंचेचाळीस नाही बिघडवले कशावरून? गुरुवारपर्यंत खुलासा आणा, नाहीतर मी सही करतो."

बाहेर व्हरांड्यात मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सात नंबर कोण, हे जगात दोघींनाच माहीत होतं. काम सुरू झालं तेव्हा धडधाकट बायका मिळेनात, म्हणून प्रयोगशाळेतल्यांनीच बाह्या वर केल्या होत्या. सगळीकडे असंच करतात. सात नंबर म्हणजे मॅडम.

मी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असणार.

"असं बघू नका," त्या म्हणाल्या. "नव्हतेच मी कधी. खोटं लिहिलं नव्हतं."

"कुणाचं रक्त चढवलं होतं कधी?"

"नाही."

त्यांची जुनी ट्यूब केव्हाच लाल पिशवीतून गेली होती. नव्याने रक्त काढलं, पुन्हा त्याच बंद खोलीत. सदतिसाव्या फेरीला रेघ उठली. मॅडम खुर्चीत बसल्या त्या हात अंगापासून दूर धरून. दुसऱ्याचे कपडे चुकून घातल्यावर माणूस असा बसतो. चोपन्न वर्षांची बाई, त्या देहात एकटीच राहते असं समजून जगलेली.

"मॅडम, पाणी देऊ?"

"आणखी एक वाट असते," त्या माझं न ऐकता म्हणाल्या. "आईच्या रक्तात जो उरतो, तो पुढच्या बाळाकडेही सरकू शकतो."

त्यांनी मला आईला फोन लावायला सांगितला. हातात ग्लोव्हज होते म्हणून मीच बटण दाबून तो टेबलावर धरला, त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. त्यांची आई भांडी लावत असावी.

"आई, माझ्याआधी कुणी होतं?"

भांड्यांचा आवाज थांबला. किती वेळ ते मी मोजलं नाही, आणि मी मोजत नाही असं सहसा होत नाही.

"कुणी सांगितलं तुला?" आई म्हणाली.

त्याच दुपारी मॅडम मला घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. "सात नंबर मी आहे," त्यांनी सांगितलं. नाव फोडणं आमच्या कामात मोठा गुन्हा, पण स्वतःचं फोडलं तर काय, याचा नियम साहेबांना सापडला नाही. "गुरुवारी माझी आई येतेय. तिचं रक्त तपासू. तिच्यात सापडला तर माझ्यातला कुठून आला ते कळलं."

"आणि नाही सापडला तर?"

"तर तुम्ही सही करा."

"मी स्वतः यंत्रापाशी उभा राहीन."

"तुम्ही नको, साहेब," मी म्हटलं. "तुम्हीही पुरुषच आहात."

गुरुवारी अकराला आजी, म्हणजे मॅडमच्या आई, आल्या. एकोणऐंशी वर्षांच्या, पाठ सरळ. नर्सने त्याच बंद खोलीत रक्त काढलं, चाचणीची ट्यूब तिथेच बंद केली, आणि आत बाहेरच्यांना मनाई म्हणून त्यांना काचेबाहेरच्या बाकावर बसवलं. तिथे दाढी होताच. मी रजिस्टर घेऊन टोकाला बसले. काचेतून यंत्राचा पडदा समोर दिसायचा आणि मॅडमची पाठ.

"तू कोण रे?" आजींनी विचारलं.

"हे यंत्र मी चालवतो, आजी."

"मग बाहेर काय करतोस?"

"आत माझ्यावर आळ आहे. तुमच्या मुलीच्या रक्तात जो सापडला, तो मीच आहे म्हणतात."

आजींनी त्याला न्याहाळलं, केसांपासून बुटांपर्यंत, घाई न करता.

"तू नाहीस," त्या म्हणाल्या. "तुझे कान केवढे आहेत. त्याचे लहान होते."

दाढीला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच राहिलं.

"सातव्या महिन्यात झाला," आजी पडद्याकडे बघत बोलत होत्या. "एक दुपार होता. हिचे वडील त्याला घेऊन गेले आणि तासाभराने रिकाम्या हातांनी आले, हात धुतले, आणि म्हणाले, आता यावर बोलायचं नाही. नाही बोललो. दीड वर्षाने ही झाली. ही पहिली असं ते सगळ्यांना सांगायचे, मीही तेच सांगायचे. चोपन्न वर्षं सांगितलं की खरंच वाटायला लागतं." मग जरा वैतागून, "यात तर काहीच दिसत नाही."

"आत्ता वीस फेऱ्या झाल्यात. तो उशिरा येतो, आजी."

"तो लवकर आला होता," आजी म्हणाल्या.

तीस. रेघ सपाट. साहेब आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. पस्तीस. दाढीने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती, नखं पांढरी पडलेली. छत्तीस. सदतीस. मी पत्राचा मजकूर आठवत होते, तो मीच टाइप केला होता. आत मॅडमच्या पाठीचा कणा काचेतूनही दिसत होता.

अडतिसाव्या फेरीला रेघ हलली. आधी वाटलं डोळे पाणावले म्हणून हलली. मग ती उठली, आणि उठतच गेली.

दाढीने तोंड ओंजळीत घातलं. साहेब आत गेले. कागद फाडल्याचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला.

"हा का?" आजींनी विचारलं.

"हाच," दाढी ओंजळीतूनच म्हणाला.

आजींनी पदर सारखा केला.

मॅडम बाहेर आल्या. "आई, झालं. चल, काहीतरी खाऊन घे."

आजींनी त्यांच्याकडे बघितलं नाही. दाढीला म्हणाल्या, "हे असं किती वेळ दिसतं?"

"पुढची चाचणी लावेपर्यंत. अडीचला आहे."

"मग अडीचपर्यंत बसते मी."

मॅडम उभ्याच राहिल्या, आणि मग बसल्या. बाकावर जागा कमी होती, तरी आईला चिकटून बसल्या नाहीत. दोघींच्या मधे थोडी जागा सोडली. आजींनी त्या जागेवर आपली पिशवी होती ती उचलून मांडीवर घेतली.

दाढी उठला, हात धुतले, कोट चढवला आणि चार महिन्यांनी काचेच्या दारातून आत गेला. आपल्या खुर्चीत बसला. पडद्याला त्याने हात लावला नाही.

अडीच वाजले, साडेतीन वाजले. पाचच्या सुमारास आजी स्वतःहून उठल्या आणि मुलीच्या खांद्याला धरून जिना उतरल्या. मी यंत्राचं रजिस्टर बंद करायला गेले तेव्हा अडीचच्या चाचणीपुढे दाढीची नोंद होती. चाचणी झाली नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'यंत्र रिकामं नव्हतं.'

खोटी नोंद मी कधी चालवून घेतलेली नाही. ती दोनदा वाचली, आणि खाली सही केली.